मनगटातला भुंगा

सोमवार उजाडला की मालन खटके अजूनही सैल बाहीचा ब्लाउज काढायची. डाव्या बाहीला वरपासून खालपर्यंत टिचबटणं लावलेली, ओढली की हात खांद्यापर्यंत मोकळा. आता त्या बाहीची गरज उरली नव्हती. त्या हातात शेवटची सुई शिरून वर्ष उलटलं होतं. पण बैल विकला तरी गड्याचे पाय पहाटे गोठ्याकडंच वळतात, त्यातली गत. ब्लाउज घालायचा, देवाला हात जोडायचे आणि कोपऱ्यावरच्या बिनड्रायव्हरच्या रिक्षात बसून म्हणायचं, "डायलिसिसला."

"हे ठिकाण बंद झालं आहे," रिक्षा गोड आवाजात म्हणायची. "जवळच्या चित्रोपचार केंद्रात जायचं आहे का?"

"तिथंच गं बाई. नावाशी तुला काय करायचंय? चल तू."

बार्शीच्या जुन्या दवाखान्यामागची ती बैठी इमारत. तिथल्या हॉलमध्ये एकेकाळी ओळीनं खाटा होत्या, खाटेशेजारी मशीन होतं आणि प्रत्येक मशीनला एक माणूस बांधलेला होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाहेरचा लोखंडी बाक तेवढा जागेवर राहिला होता. मालन त्यावर बसायची. पिशवीतनं वाटीएवढा स्टीलचा पेला काढायची, त्यात पाणी ओतायची आणि घोट घोट पुरवून प्यायची. आता तांब्याभर प्यायली असती तरी कुणी रागावणार नव्हतं. पण इतकी वर्षं मोजून प्यालेली तहान, ती एकदम मोकळी कशी सोडायची?

पेला संपला की उजवा तळवा डाव्या मनगटाच्या वर ठेवायचा. आत भुंगा गुणगुणत असायचा.

हा भुंगा डॉक्टरांनीच घातलेला. मूत्रपिंडं थकली की रक्त बाहेर काढायचं, मशीनमध्ये धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. त्यासाठी शीर दणकट लागते. म्हणून मनगटाजवळ रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडून देतात. रोहिणी हृदयाकडून जोरानं येणारी, नीला परतीच्या वाटेची, मवाळ. धरणाचं पाणी थेट शेतातल्या चारीत सोडावं तसं ते रक्त नीलेत घुसतं. नीला फुगते, दोरखंडासारखी जाड होते आणि त्या धारेच्या मारानं तिच्या भिंती अहोरात्र थरथरत राहतात. वरून हात ठेवला की लागतं, कातडीखाली काहीतरी जिवंत घुमतंय. डॉक्टर त्याला थ्रिल म्हणत. वॉर्डातली माणसं म्हणायची भुंगा.

भुंगा गप्प झाला की समजायचं, जोड गोठला. मग मशीन नाही, आणि मशीन नाही तर माणूस नाही. म्हणून त्या वॉर्डात कुणी कुणाला नमस्कार करत नसे. आलेल्यानं आधी शेजारच्या खाटेवरच्या हातावर तळवा ठेवायचा आणि विचारायचं, "भुंगा हाय का?"

"हाय, हाय."

एवढं झाल्याशिवाय कुणी आडवं होत नसे. शेजारच्या खाटेवर निजामभाई मुलाणी, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. तो तर तिकीट तपासल्यासारखा रांगेनं सगळ्यांचे हात तपासत यायचा. "भुंगा हाय? बसा. तुमचा? बसा. ज्याचा नसंल त्यानं इथंच उतरून घ्या, पुढचा स्टॉप यमाचा हाय."

मग चार तास. नळीतून रक्त फिरायचं, आणि मालन ओव्या म्हणायची. तिची आई जात्यावर म्हणायची त्या. आणि आईच्या संपल्या की स्वतःच्या.

*भुंगा गं गुणगुणे, माझ्या मनगटाच्या खोडी,*
*किती हाकलू बाई, त्याची लागलीया गोडी.*

"वा! अक्का, पुढच्या स्टॉपपर्यंत थांबू नको," निजामभाई ओरडायचा.

मालनचा नवरा आजारपणाच्या आधीच गेलेला. लेक अश्विनी जामनगरला. फोनवर चेहरा दिसायचा, मायाही दिसायची, पण फोनला हात नसतात. आजारी बाईला शेजारीपाजारी जपून, जरा लांबूनच बोलतात. अख्ख्या आठवड्यात मालनला माणसाचा हात लागायचा तो त्या वॉर्डात. हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. जेवताना मीठ कळत नाही, तसं.

मग शेंगा आल्या.

शेंग म्हणजे बोटाएवढी जाळीदार पिशवी. माणसाच्या रक्तातूनच काही पेशी घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांना मूत्रपिंडाच्या पेशींचं वळण लावायचं आणि त्या जाळीवर पेरायच्या. पिशवी घडी घालून बारीक नळीत बसवायची. ती नळी मांडीच्या शिरेतून आत सरकवायची, आणि नेमकी जागा आली की पिशवी शेंगेसारखी उलगडायची. रक्त तिच्यातून वाहतं, पेशी ते गाळतात, आणि केसाएवढ्या वाटेनं पाणी मूत्राशयात उतरतं. चिरफाड नाही, टाका नाही. सगळं काम चित्रावर पाहून होतं. अंगावर एक कमान फिरते, ध्वनीच्या लहरींनी शरीराचं आतलं रूप पडद्यावर उभं राहतं, आणि पुण्यात बसलेला डॉक्टर बार्शीतल्या माणसाच्या शिरेतली तार दांड्यानं वळवतो, थांबवतो, पुढं नेतो.

शेंग बसली की मशीन सुटलं. एकेक खाट रिकामी होत गेली. पेढे वाटले गेले, निरोप झाले, "भेटत राहू" असं सगळेच म्हणाले. लग्नघरातला मांडव सोडतात तसा तो वॉर्ड सुटला. दोर इकडं, कापड तिकडं. मालनलाही शेंग बसली. ती घरी आली, दार लावलं आणि सोमवारी सकाळी तिला कळेना, कुठं जायचं.

*

बाजाराचा दिवस होता. कोथिंबिरीच्या ढिगापलीकडं मालनला एक पाठ दिसली. खांदा किंचित उजवीकडं झुकलेला, वर्षानुवर्षं तिकिटाची पेटी लटकवल्यासारखा. ती गर्दी कापत गेली आणि मागूनच त्या माणसाच्या डाव्या हातावर तळवा ठेवला.

"भुंगा हाय का?"

निजामभाई दचकून वळला. मालनच्या चेहऱ्यावर हसू होतं, ते तिथंच अडकलं. तिच्या तळव्याखाली जाड शीर होती, दोरखंडासारखी. पण आत काही नव्हतं. पाणी तोडलेल्या पाटासारखी ती शीर नुसती पडून होती.

तिनं हात जरा वर सरकवला, जरा खाली. विहिरीत पडलेला पोहरा गळानं चाचपावा तसं.

"बंद केला, अक्का," निजामभाई कोथिंबिरीकडं बघत म्हणाला.

"कधी?"

"झालं. थंडीत."

"आणि मला सांगितलं न्हाई?"

भाजीवाली म्हणाली, "काका, जुडी घेताय का नुसतीच हातात धरताय?" त्यानं जुडी घेतली, आणि "येतो अक्का" म्हणून निघून गेला. मालन तिथंच उभी राहिली. तिनं स्वतःच्या हातावर तळवा ठेवला. भुंगा होता. पण बाकीच्यांचे केव्हाच बंद झाले होते; आता तो साऱ्या गावात एकटाच होता, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

*

केंद्रातल्या तपासणीत डॉ. शलाका देवधर पुण्याहून पडद्यावर आल्या. मालनची शेंग त्यांनीच बसवली होती. मालनच्या पोटातल्या, मांडीतल्या, हातातल्या सगळ्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. मालनला त्या ठाऊक होत्या गळ्यापासून वर, पडद्यात मावतील तेवढ्या.

"मालनताई, जिना चढताना दम लागतो?"

"वय झालं, डॉक्टर."

"अठ्ठावन्न म्हणजे काय वय झालं? हे बघा." पडद्यावर मालनचं हृदय आलं. आकसत होतं, फुलत होतं. "हे असायला हवं त्यापेक्षा मोठं झालंय. तुमच्या हातातली ती जोडवाट आहे ना, तिच्यातून दर मिनिटाला लिटरभराहून जास्त रक्त नुसतंच फिरून परत येतं. बोटांना मिळत नाही, कशालाच मिळत नाही. पण ते ढकलावं तर हृदयालाच लागतं. मशीन होतं तोवर त्याचा उपयोग होता. आता नाही."

"राहू द्या की. माझं काय खातंय ते?"

"तेच तर सांगतेय, खातंय." डॉक्टर म्हणाल्या. "एक करा. अंगठ्यानं ती जागा घट्ट दाबा. भुंगा की काय म्हणता तुम्ही, तो थांबेपर्यंत."

शेजारी उभ्या असलेल्या प्रभा सिस्टरनं जागा दाखवली. मालननं दाबलं. हातातलं गुणगुणणं थांबलं. आणि पडद्यावर धावत असलेला ठोक्यांचा आकडा, कुणीतरी लगाम ओढावा तसा, हळूहळू उतरू लागला. छातीवरची पाटी कुणी उतरवून घेतल्यासारखा तिला श्वास आला. खोल. मोकळा.

तिनं घाबरून अंगठा काढला. भुंगा परत आला. आकडा परत चढला.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाल्या. "कोपराजवळच्या शिरेतून तार घालायची, जोडावर एक छोटं जाळीचं बूच बसवायचं. संध्याकाळी तुम्ही घरी. नाही केलं, तर हे हृदय फार काळ रेटणार नाही. मी घाबरवत नाहीये, दिसतंय ते सांगतेय."

"विचार करते."

"कसला विचार, मालनताई?"

मालननं डावी बाही खाली ओढली, एकेक टिचबटण लावलं. पडद्यातल्या बाईला काय सांगायचं? की घरात बोलणारं दुसरं काही नाही? की उशाशी हात घेतला की कानात कुणीतरी असतं?

अश्विनीचा फोन आला, "आई, करून टाक ना गं, एवढंसं तर काम." मालन म्हणाली, "करू." आणि केलं नाही.

*

पाय सुजले. देवळाच्या पायऱ्या बंद झाल्या. मग अंगणात पाणी मारणंही जड वाटू लागलं. अशाच एका उन्हं उतरलेल्या संध्याकाळी निजामभाई दारात येऊन उभा राहिला. हातात एक शहाळं, वर तासून आणलेलं.

वॉर्डात शहाळं हे सगळ्यांचं स्वप्न होतं. मूत्रपिंड गेलेल्याला ते विषासारखं. बरे झालो की काय करणार, असं कुणी विचारलं की हॉलभर एकच उत्तर असे, शहाळं पिणार.

"बसा," मालन म्हणाली. आवाज कोरडा होता.

तो दारातल्या पायरीवर बसला. पायरी म्हणजे मालनच्या गिरणीचा जुना दगड. आजारी पडेपर्यंत तिची पिठाची गिरणी होती.

"रागावलीस?"

"मी कोण रागावणारी?"

"सांगायला निघालो व्हतो अक्का. आल्ला कसम. पण तू हात ठेवला असतास. अन् तू हात ठेवल्यावर मी बंद केला असता व्हय? लेकीच्या जिन्यात पडलो मी, चक्कर येऊन. नातवंडं रडाय लागली." तो शहाळ्यावरून बोट फिरवत राहिला. "अन् बंद केला तो बी कसा. डॉक्टरीणबाई तिकडं पुण्यात. सिस्टर मशीनपाशी. हात सगळा बधिर केलेला. मी आपला छताकडं बघतोय. मग पडद्यातनं आवाज आला, झालं काका. म्हणलं, काय झालं? माझाच भुंगा, अक्का. इतकी वर्षं संग होता. अन् गेला कवा त्याचा मला पत्ता न्हाई."

मालन उठली. तिनं आतून पेला आणला. शहाळ्याचं पाणी दोघांनी अर्धं अर्धं घेतलं.

"एवढंच लागतं होय हे?" निजामभाई म्हणाला.

"एवढंच."

दोघं हसली. हसताना मालनला दम लागला.

"गा की एखादी," तो म्हणाला.

तिनं सुरुवात केली. *भुंगा गं गुणगुणे*... दुसऱ्या ओळीच्या मध्यावर श्वास तुटला. तिनं पुन्हा धरला, पुन्हा तुटला. निजामभाई खाली बघत राहिला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून पायरीवर हात फिरवत म्हणाला, "ह्यो दगड एका बाजूनं एवढा पातळ कसा गं?"

"गिरणी भाड्यानं दिलेली तवाचा. त्या पोराला अक्कल न्हाई. दाणं संपलं तरी चालूच ठेवायचा, गप्पा मारत. दाणा नसला की दगड दगडाला खातो. माझी आई तर घरातलं जातंबी रिकामं फिरवू द्यायची न्हाई. म्हणायची, रिकामं जातं फिरवू नये, घराला बरं नसतं..."

ती बोलता बोलता थांबली.

अंगणात चिमण्या उतरल्या होत्या. मालननं डावा हात मांडीवर घेतला आणि बघत राहिली. आत भुंगा फिरत होता. नुसताच. पिठाचा एक कण न सांडता.

"निजामभाई."

"बोल."

"मी करते. पण तुमी यायचं. तुमचा हात पायजे."

*

खोली थंड होती. जिथं निजामभाईची खाट असायची, बरोबर त्याच जागी आता चित्रोपचाराचं टेबल होतं. प्रभा सिस्टरनं मालनचा कोपर तेवढा बधिर केला; मनगट नको, असं मालननं आधीच बजावलं होतं. शिरेत नळी गेली. कमान सरकत हातावर आली. भिंतीवरच्या पडद्यावर मालनचा हात उजळला, कातडीआतला, शिरांचा. जोडापाशी नीला एवढी फुगलेली, की पुराच्या नदीनं काठ सोडावा तशी दिसत होती.

निजामभाई स्टूल ओढून बसला आणि त्यानं तळवा ठेवला.

"काका, हात काढा," पुण्याहून आवाज आला. "तुमचा हात हलला की माझं चित्र हलतं."

"न्हाई हलवत."

"नियमात बसत नाही हे."

"डॉक्टर," मालन म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "हात नसंल तर मीबी न्हाई. उठते मी."

डॉक्टरांनी चित्र एकदा जवळ ओढून पाहिलं. मग आवाज आला. "मनगटाच्या जरा वर धरा. दाबू नका. आणि श्वाससुद्धा हळू घ्या."

"श्वासाचं तिकीट हाफ का फुल?" निजामभाई पुटपुटला. प्रभा सिस्टर हसली.

आता पडद्यावर दोन हात होते. एक मालनचा, पूर आलेला. त्याच्यावर आडवा निजामभाईचा, बारीक बारीक शिरांचा, आणि त्यात एक जाड, निजलेली वाट. तार कोपरातून निघाली. काळ्या पाण्यात चांदीचा केस सरकावा तशी सरकत जोडापर्यंत आली.

"मालनताई, बूच बसवायच्या जागी आलेय मी," डॉक्टर म्हणाल्या. मग थोडं अडखळून, "एक विचारू? कसं लागतं हो ते हाताला? मी एवढे बंद केले. ऐकलेत, चित्रात पाहिलेत. पण हात लावून कधीच..."

मालननं पडद्याकडं पाहिलं. कोपऱ्यातल्या चौकटीत डॉक्टरांचा चेहरा होता, मागं पांढरी भिंत. त्या खोलीत त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं. आजवर मालनच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

"कुणी झोपेत तुमच्या कुशीत घोरत असलं की कसं लागतं, तसं," ती म्हणाली.

चौकटीतली मान तेवढी हलली.

"सोडतेय हं. एकदम थांबणार नाही. जाळीत रक्त गोठायला थोडा वेळ जातो."

पडद्यावर नळीच्या टोकातून एक कळी बाहेर आली आणि उमलली. पूर तिला धडकला, तिच्यातून गेला, मग थोडा कमी गेला. निजामभाईच्या तळव्याखाली भुंग्याचा सूर उतरू लागला. जड, मग हलका. मालननं डोळे मिटले आणि ओवी धरली. जात्याच्या घरघरीवर आई धरायची, तशीच.

*जातोस तर जा रे भुंग्या, नको मागं पाहू फार,*

सूर अजून होता. लांब कुठंतरी, गावाबाहेरच्या वाटेवर गेल्यासारखा.

*तुझ्या पाठी मी लाविते...*

आणि जातं थांबलं.

खोलीत यंत्राची बारीक शिट्टी तेवढी राहिली. आईनं शिकवलं होतं, जातं थांबलं की ओवी सोडून द्यायची. मालननं श्वास घेतला. तो आत गेला, खोल, कुठंही न तुटता. त्या श्वासावर तिनं उरलेली ओळ म्हटली, कशाच्याही साथीशिवाय.

*...माझ्या हातानंच दार.*

"गेला," निजामभाई हळूच म्हणाला. "मला कळलं, अक्का. ह्या वेळी कळलं."

ठोक्यांचा आकडा उतरत होता. प्रभा सिस्टरनं नळी काढली, कोपरावर पट्टी बांधली. कमान मागं सरकली तसे पडद्यावरचे दोन्ही हात विझले. चौकटीतला चेहरा तेवढा राहिला.

"झालं, मालनताई. सगळं छान झालं. काका, आता हात काढायला हरकत नाही."

कुणी हललं नाही.

"हात काढला तरी चालेल," पुण्याहून पुन्हा आवाज आला, या वेळी अगदी हळू. त्यानंतर डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सांगितलं नाही, आणि पडदाही बंद केला नाही.